माझ्यावाचून बसलेले गणपती

त्या वर्षी गणपती जवळ आले तशी मला धडकी भरू लागली. देवाच्या येण्याची भीती वाटावी, हे कबूल करायला आजही लाज वाटते, पण तसंच होतं. मी सिंगापूरला जहाजांच्या दुरुस्तीवर देखरेख करणारा मरीन इंजिनिअर. गोदीत जहाज लागलं की कमरेचा पेजर सारखा वाजत राहायचा. तरी मी आमच्या मराठी मंडळाचा सेक्रेटरी होतो, रविवारी मुलांना मराठी शिकवत होतो, नव्याने आलेल्यांना फ्लॅट शोधून देत होतो आणि चतुर्थीला अकरा घरी जाऊन गणपतीची पूजा सांगत होतो. मराठी भटजी मिळत नव्हता आणि मला काकांनी शिकवलेली पूजा येत होती. एका घरापासून सुरुवात झाली, चार वर्षांत अकरा घरं झाली. "तुमच्यावाचून आमचा गणपती कसा बसणार?" असं कोणी म्हटलं की मी आतून फुलून यायचो. मला नाही म्हणता येत नाही, असं मी सांगत फिरायचो. खरं तर मला नाही म्हणायचंच नव्हतं.

पण झोप उडाली होती. मुलीने साधं काही विचारलं तरी तिच्या अंगावर ओरडायचो. एकदा इंजिनरूमच्या शिडीवर उभा असताना कारण नसताना रडू फुटलं. डॉक्टर म्हणाले, आजार काही नाही, तुम्ही पार थकलात, कामं कमी करा. कुठलं कमी करू, असं मी देवालाच चिडून विचारायचो. जपाला बसलो की डोळ्यांपुढे कामांच्या याद्या यायच्या. आपल्यात भक्ती उरली आहे की नुसती हमाली, हेच कळेनासं झालं होतं.

चतुर्थीला रजा घेतली. शहराबाहेरच्या यिशुन वस्तीतली सात घरं उरकली. उरकली हाच शब्द खरा. सगळ्या पूजा होईपर्यंत पाणीही घ्यायचं नाही हा माझा नेम होता, आणि आमच्या घरचा गणपती सगळ्यांत शेवटी असायचा. मरीन परेडच्या चार घरांसाठी MRTच्या लोकलने शहरात आलो, बस धरली आणि डोळा लागला. जाग आली तर बाहेर अनोळखी रस्ता. घाईघाईने उतरलो आणि पोथीची पिशवी बसबरोबर निघून गेली. दोन पावलं टाकली, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी तिथेच खाली बसलो.

कोणीतरी दंडाला धरून उठवलं. समोरच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉलांच्या मंडईत, चहा-कॉफीचा स्टॉल चालवणारी साठीची चिनी बाई होती. तिने मला खुर्चीत बसवून गार बार्लीचं पाणी पुढे ठेवलं. पूजा राहिली आहे, देव थांबलाय, असं मी तिला कसंबसं सांगितलं. तिने स्टॉलच्या कोपऱ्यातल्या लाल देव्हाऱ्याकडे बोट केलं. तिथे उदबत्ती लागायची होती.

"आय ऑल्सो बिझी, नॉट यट प्रे," ती म्हणाली आणि इथल्या इंग्रजीत शेवटी येतो तो आर्जवाचा 'लाह' लावून पुढे बोलली. "नेव्हर माइंड लाह. गॉड कॅन वेट. यू कॅनॉट."

मी ग्लास उचलला. घशाखाली तो गारवा उतरताना मला हुंदका आला.

तिने स्टॉलवरचा फोन माझ्यापुढे सरकवला. मरीन परेडच्या पहिल्या घरी शुभदावहिनींनी उचलला. "भाऊजी, कुठे आहात? आम्ही सगळे वाट बघतोय."

"वहिनी, मला येणं जमत नाही. तुम्हीच बसवा."

"अहो, मला कुठे मंत्र येतात?"

त्या क्षणी मलाही एकही आठवत नव्हता. म्हटलं, "मूर्तीच्या छातीला दूर्वा लावा, हात तिथेच ठेवा आणि मनापासून या म्हणा."

त्यांनी रिसीव्हर बाजूला ठेवला. मग त्यांचा आवाज आला, "या देवा." पाठोपाठ घंटा आणि आरती. त्या घरी मी चार वर्षं पूजा सांगितली होती, पण इतक्या ओढीने तिथे कोणी देवाला बोलावलेलं ऐकलं नव्हतं. उरलेल्या तीन घरीही हेच सांगितलं. तिन्ही गणपती बसले. मला हायसं वाटलं आणि, खोटं कशाला सांगू, थोडं वाईटही वाटलं. माझ्यावाचून कोणाचंच अडलं नव्हतं.

शेवटचा फोन घरी केला. म्हटलं, "अगं, आपला गणपती आज तूच बसव."

 बायको म्हणाली, "अहो, तो सकाळीच बसलाय. दरवर्षी मीच बसवते."

"मग मी येऊन करतो ती पूजा?"

"देवाला दुपारपर्यंत उपाशी ठेवायचं का? तुम्ही दमून यायचात, पुन्हा करायचात. मी काही बोलले नाही."

मी त्या गर्दीत मोठ्याने हसलो. कित्येक महिन्यांत असा हसलो नव्हतो. त्या स्टॉलवाल्या बाईंचं नाव विचारायचं राहिलं. त्या कोण होत्या, याचा मी कीस काढत नाही. हात हवा होता तेव्हा मिळाला, एवढं मला पुरे आहे.

त्याच आठवड्यात सेक्रेटरीपद सोडलं, रविवारचा वर्ग आणि फ्लॅट शोधणं दुसऱ्यांकडे दिलं. झोप परत यायला काही महिने लागले, पण आली. पुढच्या वर्षी चतुर्थीच्या आधी अकराही घरच्यांना बोलावून पूजा शिकवली. चतुर्थीच्या सकाळी एकेक फोन येऊ लागला, "बसला हो आमचा." एका घरी तर आठ वर्षांच्या मुलीने छातीला दूर्वा लावून "बाप्पा, कम लाह" म्हटलं होतं. मी ते ऐकून देवाला मनोमन नमस्कार केला. इतकी वर्षं मी आणतो म्हणून तो येतो, असं धरून चाललो होतो. तो आपल्या पायांनी येत होता, मी फक्त दारातून बाजूला व्हायचं होतं.

आमच्याकडे बायकोने पूजा केली आणि मी हात जोडून शेजारी बसलो. मग पानावर बसून, सिंगापूरला आल्यापासून पहिल्यांदाच, चतुर्थीचा मोदक गरम खाल्ला. एकावर भागलं नाही, चांगले सहा खाल्ले.