धोंड्याच्या जेवणाचे दोन किलो

लिलाव म्हटलं की माझ्या डोळ्यापुढं गूळ यायचा. माझे वडील गुळाच्या ढेपा घेऊन कराडला सौद्याला जायचे. एखादी ढेप नाहीच खपली तर तीच परत गाडीत घालून आणायचे, आणि आई ती घरी फोडायची. लग्न होऊन इकडं नेरूळला आले, तर आमचे हे कांदा-बटाटा मार्केटात माथाडी. म्हणजे लिलाव मालाचा, गोणीचा, हेच मला ठाऊक. माणसांचा लिलाव होतो, आणि तो टीव्हीवर दाखवतात, हे मला साठी उलटल्यावर कळलं. जावयामुळं कळलं.

जावई उलव्याकडचा, खाडीकाठच्या गावचा. कळंबोलीत लोखंडाच्या बाजारात ट्रकांचं वजन करतात त्या काट्यावर बसतो. पण खरा धंदा कबड्डी. तोही चढाईचा नाही, पकडीचा. डाव्या कोपऱ्यात उभं राहायचं आणि पलीकडून आलेल्या गड्याचा घोटा धरायचा. टाळ्या सगळ्या चढाई करणाऱ्याला. कोपऱ्यातला माणूस धुळीत पालथा पडलेला असतो, त्याचं तोंडसुद्धा दिसत नाही कोणाला. आधी मलाही दिसलं नव्हतं. खोटं कशाला सांगू, पोरीनं आमच्याकडचा मुलगा सोडून हा पसंत केला म्हणून वर्षभर मी त्याच्याशी "या, बसा, चहा घ्या" एवढंच बोलले.

मोठ्या स्पर्धेच्या लिलावाच्या दिवशी ती दोघं आमच्याकडंच होती. दोन वर्षं त्याला कोणी घेतलं नव्हतं, हे तिसरं. आता तो एकोणतीस वर्षांचा, गुडघा दुखरा. मी गॅसवर दूध ठेवलं आणि बाहेर आले. टीव्हीवर याचा फोटो! आमच्या घरातला माणूस टीव्हीवर! मी हात जोडले म्हटलं तरी चालेल. सूट घातलेल्या बाईनं याचं नाव घेतलं, इकडं बघितलं, तिकडं बघितलं. टेबलाटेबलावर माणसं बसलेली, एकाचाही हात वर नाही. एक जण तर पाणी पीत होता. बाईनं हातोडा आपटला, "अनसोल्ड", आणि दुसऱ्याचा फोटो.

"म्हणजे?" मी म्हणाले.

पोरीनं टीव्ही बंद केला. मी आत गेले तर दूध अजून वर आलेलं नव्हतं. बारा वर्षं खेळला पोरगा, आणि दूध उतू जायच्या आत निकाल लागला.

तो बाहेरून म्हणाला, "मामी, चा टाका." बस. एवढंच.

त्यानंतर महिनाभरानं एका संघाचा फोन आला. त्यांच्या कोपऱ्यातल्या खेळाडूचा खांदा निखळला होता. पुण्याला शिबिर आहे, सोमवारी सकाळी या, सगळं बरोबर निघालं तर घेऊ. पोरगी मला फोनवर रडत-हसत सांगत होती. मी म्हटलं, देवानं ऐकलं. आणि कधी, तर अधिक महिन्यात! लग्नानंतरचा त्यांचा पहिला धोंड्याचा महिना. मी रविवारी जेवायला बोलावलं होतं, ते शनिवारी दुपारवर आणलं. म्हटलं, पोरगा एवढ्या मोठ्या कामाला निघालाय, माझ्या हातचं खाऊन जाऊ दे.

दोन दिवस मी राबले. तेहतीस अनारसे केले. पुरण भरून धोंडे उकडले. वर्षभर कोरडं बोलले होते ना, ते सगळं त्या तुपात भरून काढायचं होतं मला. पोरगी एका कॉलेजच्या ऑफिसात आहे, ती दोनला सुटणार होती. जावई बाराला एकटाच आला. मी पाट मांडला, ओवाळलं, आणि वाढायला बसले.

"मामी, थोडंच."

"थोडं काय? धोंड्याला जावई लाजला तर सासूचा अपमान."

"तसं नाय मामी..."

"मग खा."

आमचे हे बाजूनं म्हणाले, "अगं, त्याला श्वास तरी घेऊ दे."

"तुम्ही गप बसा. तुमच्या सासूनं वाढलं तेव्हा तुम्ही श्वास घेतला होता काय?"

मान खाली घालून तो खात राहिला. सात धोंडे. वाटीनं तूप. मी चार अनारसे ताटात टाकले, तेही खाल्ले. मध्ये एकदा त्यानं पाण्याच्या तांब्याकडं हात नेला आणि मागं घेतला. मी म्हटलं, संकोच. माझी छाती फुगली होती.

दोन वाजता पोरगी दारात आली. चप्पलसुद्धा काढली नाही. ताटाकडं बघितलं, त्याच्याकडं बघितलं, आणि तिचा चेहरा उतरत गेला.

"आई, किती वाढलंस?"

"का गं? नवऱ्याचे घास मोजतेस?"

"परवा वजन आहे त्यांचं! पंच्याऐंशीच्या वर एक ग्रॅम गेलं तरी परत पाठवतात! तुम्ही सांगितलं नाही आईला?"

तो ताटावरून उठलाच नाही. माझ्या हातात पळी होती, तिच्यातलं तूप माझ्याच पायावर सांडलं. भाजलं, पण मला ते रात्री कळलं.

आमचे हे उठले. "चल," म्हणाले त्याला. कळंबोलीच्या काट्यावर माणूस उभा केला तर आकडा हलतसुद्धा नाही, तिथं ट्रक लागतो. म्हणून मार्केटात नेलं, यांच्या जुन्या गाळ्यावर, गोण्या तोलतात त्या काट्यावर. मीही मागोमाग गेले, कोणी नको म्हणालं तरी. जन्मभर यांनी ज्या काट्यावर कांदा टाकला त्याच्यावर माझा जावई अनवाणी उभा राहिला. सत्त्याऐंशी किलो शंभर ग्रॅम.

गाळ्यावरचा म्हातारा मुकादम हसला, "काय वहिनी, जावई भरला की गोणी भरली?"

मला त्या आकड्यापुढं काही दिसेना. सकाळी तो पंच्याऐंशी नि थोडा होता, असं जावई मग म्हणाला. एवढं तो उपाशी राहून घालवणार होता. वरचे दोन माझ्या स्वयंपाकघरातले.

पुढचा दीड दिवस मी कधी विसरणार नाही. आमचे हे म्हणाले, "घामानं जातं. मी रोज दोन किलो घालवायचो, कोणी मोजलं नाही एवढंच." रविवारी भर दुपारी त्यांनी त्याला गच्चीवर नेलं. दोन रेनकोट, वरून आमचं माणदेशी घोंगडं, आणि पाण्याच्या टाकीभोवती पळ. उन्हानं खाली सिमेंट तापलेलं. सोसायटीतल्या बायका विचारायला लागल्या, जावयाला ताप आलाय का. मी काय सांगणार? मी वाढलं म्हणून?

तो खाली आला तेव्हा त्याचे ओठ पांढरे होते. कोपऱ्यात बसून एका बाटलीत थुंकत होता. तेवढंही वजन कमी होतं म्हणे. मी सवयीनं तांब्या भरला, त्याच्यापुढं नेला, आणि पोरीनं माझ्या हातातून काढून घेतला. दारात आलेल्या पोस्टमनलाही मी कधी पाण्याशिवाय जाऊ दिलं नाही. आणि माझ्याच घरात, माझ्याच जावयाला, ओलं फडकं नुसतं ओठाला लावायचं. ते माझ्याच हातानं लावलं.

"का नाही बोललात?" मी विचारलं. "एक शब्द बोलला असतात तर मी ताट उचललं असतं."

तो म्हणाला, "मामी, पयला धोंडा होता. तुमी एवढा जीव लावून वाढत होतात. नाय कसा बोलनार?"

मी फडकं घेऊन आत गेले. बाहेर येववेना.

संध्याकाळी तो पुण्याला गेला. शेवटचा आकडा शहाऐंशीच्या जरा खाली. रात्रभर आणखी घालवतो म्हणाला.

सोमवारी सकाळी मी भाजी निवडत होते. पोरगी आंघोळीला गेलेली. तिचा फोन वाजला, मी उघडला, तर त्याचा फोटो. डोकं तुळतुळीत! मिशीसुद्धा नाही!

माझ्या हातातली भाजी तशीच खाली. आमच्यात माणूस असं डोकं कधी करतो? वडील गेले म्हणजे करतो. व्याही गेले! आणि आम्हाला कोणी कळवलंही नाही! आणि पोरगा शिबिरात! मी माझा फोन घेऊन उलव्याला लावला. म्हटलं, विहीणबाईंना काय बोलायचं, कसं बोलायचं. फोन उचलला तो व्याह्यांनीच.

"कोन?"

गेलेला माणूस मला विचारतोय, कोण!

"हॅलो, कोन हाय?"

"तुम्ही... तुम्ही बरे आहात ना?"

"मला काय झालाय? विहीनबाय, रडताव कशाला?"

तेवढ्यात पोरगी ओले केस घेऊन धावत आली, आपला फोन उचलला आणि फोटोखालचं मला मोठ्यानं वाचून दाखवलं. शिबिराच्या दारात काट्यावर शंभर ग्रॅम जास्त भरले होते. वीस मिनिटं दिली होती. यानं शेजारच्या सलूनात जाऊन डोकं, मिशी, सगळं उतरवलं. परत काट्यावर उभा राहिला. पंच्याऐंशी. वर एक ग्रॅम नाही, खाली एक ग्रॅम नाही.

व्याही फोनवर तसेच होते. मी सगळं सांगितलं, धोंड्यापासून. वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार, आमच्या पोराला मारायला निघाली होतीस म्हणून. ते खोकले. मग म्हणाले, "म्हंजे माझ्या जितेपनी त्यानं माझा दहावा केला?" आणि एवढे हसले की मागून विहीणबाई विचारायला लागल्या, काय झालं, कोणाचा फोन.

मी हसले नाही. मला हसू आलं ते पुष्कळ दिवसांनी. त्या दिवशी मी नुसती बसून होते. ज्याला तीन वर्षं कोणी हात वर करून घेतलं नाही, त्याला वडील जिवंत असताना डोकं भादरावं लागलं, आणि ते माझ्या एका वाटी तुपापायी.

घेतलं त्याला. चार सामने बाकावर बसला, पाचव्यात डाव्या कोपऱ्यात उतरला. टीव्हीवर टक्कल मला लगेच ओळखू आलं. त्यानं घोटा धरला, सगळे अंगावर पडले, आणि याचं तोंड नेहमीसारखं खालीच. मी दोन्ही हात वर करून उभी राहिले होते. आमचे हे म्हणाले, "बस आता, शिट्टी झाली." मी हात खाली घेतले नाहीत.

उरलेले एकोणतीस अनारसे तेव्हापासून डब्यात आहेत. तो म्हणालाय, स्पर्धा संपली की येतो, तोवर कोणाला देऊ नका. काल पोरगी एक खायला गेली, तर मी तिच्या हातावर चापट मारली.