सर्व्हरच्या खोलीबाहेरच्या चपला

नारायण पेठेतल्या आमच्या वाचनालयाचा सर्व्हर सांभाळणारे गृहस्थ अध्यक्षांनाही खोलीबाहेर चपला काढायला लावत. "धूळ तुम्ही आणता, मशीन बंद पडलं की धावत मी येतो." या धावपळीपायी त्यांनी गावाला जाणंही सोडलं होतं. सगळं क्लाउडवर न्यायचं का, हे ठरवायला सभा भरली, तेव्हा हेच आडवे येणार अशी मला धास्ती होती.

अध्यक्षांनी विचारलं, "अहो, पण तिकडे आपली माहिती सांभाळणार कोण?"

"मी नाही," म्हणत सर्व्हरवाल्या गृहस्थांनीच ठरावाच्या बाजूने सर्वांआधी हात वर केला. मी सुटकेचा निःश्वास सोडला.

सर्व्हर बंद केला त्या दिवशी मी सवयीने दाराशी चपला काढू लागलो.

"राहू द्या हो."

ते स्वतः चपला घालून आत उभे होते आणि फोनवर विचारत होते, "दापोलीची पहिली गाडी किती वाजता?"