ट्रक येईपर्यंतचा रस्ता

किस्से जमवावे लागत नाहीत. सायकलच्या चेनवर लाल धूळ बसते, तसे आपोआप बसतात. ब्रश मारून काढा, पुढच्या राइडला पुन्हा तेवढेच. आमच्या ग्रुपचे इतके साठलेत की सगळे सांगितले तर मला घरात जेवायला मिळणार नाही. म्हणून हे थोडेसेच.

आधी रस्ता सांगतो. साखळीहून कारापूर मागे टाकलं की एक मातीचा रस्ता डोंगरात शिरतो. खनिजाच्या ट्रकांसाठी केलेला, ऐसपैस. खाण बंद पडली, ट्रक थांबले आणि दोन्ही बाजूंनी रान हळूहळू आत सरकलं. आता तिथे हॉर्न नाही, धूर नाही. टायरखाली खडी करकरते तेवढाच आवाज. इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडल्यावर मी या रस्त्यावर लोकांना सायकलवरून फिरवायला लागलो. मांद्र्याच्या गेस्टहाउसात उतरलेले, समुद्राला कंटाळलेले पाहुणे शनिवार-रविवारी येतात. जाड टायरच्या थोड्या सायकली, एक पंप आणि मी. माझं चालतं.

पण खाण परत सुरू होणार, अशी बातमी सारखी येत असते. ती ज्या दिवशी खरी होईल, त्या दिवशी माझं काम संपलं. ट्रकांच्या रांगेतून कोण सायकल चालवणार? हे डोक्यात ठेवून पुढचं वाचा. माझ्या डोक्यातून ते जातच नाही.

*

गावातल्या मोठ्यांना नेमकी तीच बातमी हवी आहे.

आमच्या अंगणात बाबांचा टिपर, म्हणजे खनिजाचा ट्रक, उभा आहे, निळ्या ताडपत्रीखाली. कोंबड्या त्याच्या खाली अंडी घालतात. बाबा रोज सकाळी तो स्टार्ट करतात, थोडा वेळ गुरगुरू देतात आणि बंद करतात. का, तर बॅटरी मरू नये म्हणून. मी त्या आवाजानं दचकून उठतो. वाटतं, आलेच! मग कळतं, आपलाच आहे.

या पिढीनं डोंगर खणून विकला, झरी आटवली, शेतांत चिखल आणून ओतला. आणि हेच लोक मला विचारतात, तू आयुष्याचं काय केलंस?

बाबांचे मित्र गुरुदासकाका. त्यांचेही ट्रक असेच उभे. एकदा ते माझ्या सायकली बघायला आले. टायर अंगठ्यानं दाबून बघितले, गिअर फिरवून बघितले. मग पायरीवर बसून त्यांनी मला धंदा म्हणजे काय ते समजावलं. ट्रक चालला की पंपवाला जगतो, गॅरेजवाला जगतो, कोपऱ्यावरचा भजीवाला जगतो. बोलता बोलता त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. त्यांना माझी खरोखरच काळजी वाटली असावी.

"सायकलीक डिझेल लागना रे पुता," ते म्हणाले. "मागीर तो कसलो धंदो?"

*

महादेव बेळगावकडचा. औषधाच्या कारखान्यात शिफ्ट करतो आणि सुट्टी असली की माझ्याबरोबर येतो. मी पुढे, तो शेवटी, मध्ये पाहुणे. पाहुणा हरवला तर तो महादेवला सापडतो, हा आमचा नियम.

एकदा बंगळूरचा एक पाहुणा होता. हेल्मेटपासून मोज्यांपर्यंत एकाच रंगाचा. हँडलवर छोटा कॉम्प्युटर. धुकं होतं. वळण घेतलं आणि समोर गवा. रस्त्याच्या मधोमध, आमच्याकडे तोंड करून. मी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. हात वरच राहिला, कारण तो खाली आणायचं धाडस होईना. त्याच्या डोळ्यांत बघू नये म्हणतात, म्हणून मी खुरांकडे बघत होतो. खुरंही काही कमी नव्हती.

तेवढ्यात पाहुण्याच्या कॉम्प्युटरनं पीं केलं. राइड थांबली आहे, असं ते सांगत होतं. गव्यानं कान हलवला. पाहुण्यानं मागे वळून अगदी हळू विचारलं, हे साधारण किती वेळ उभे राहतात?

महादेव म्हणाला, "त्याला काय ड्यूटी न्हाय, साहेब. ऱ्हाईल की उभा."

*

सर म्हणजे आमच्या ग्रुपचे स्वयंघोषित कॅप्टन. रिटायर्ड हेडमास्तर, मूळचे पेडण्याचे. शाळेत मला शिकवलं आणि भर वर्गात सांगितलं की हा मुलगा पुढे काही करणार नाही. आता त्याच मुलाच्या सायकलवर बसून फिरतात. गळ्यात शिट्टी. निघायच्या आधी हजेरी घेतात, समोर मी आणि महादेव दोघेच असलो तरी. आणि मोबाइलवरचा नकाशा त्यांना बिलकूल मान्य नाही.

एका फाट्यावर मी म्हटलं, उजवीकडे. सर म्हणाले, डावीकडे. आपल्या तरुणपणी ते तिथून पलीकडच्या गावाला चालत जायचे, वाटेत काजूची झाडं लागायची, देवाची एक घुमटी लागायची. मी सांगतोय की नकाशात तिथे काही नाही. ते शिट्टी फुंकून पुढे. पाहुणे बिचारे शिस्तीत त्यांच्या मागे.

उतार लागला. सरांनी वेग घेतला. पुढे झाडं संपून एकदम आभाळ दिसायला लागलं, आणि रानात असं आभाळ खाली दिसलं की समजायचं. मी ओरडलो. कसा ओरडलो ते महादेव अजून नक्कल करून दाखवतो.

सरांचं पुढचं चाक काठापासून हातभर मागे थांबलं. खाली खाणीचा खड्डा, हिरवंगार पाणी, तळ दिसत नाही. पाहुण्यांतली एक बाई खालीच बसली. मी सायकल तिथेच आडवी टाकली. आता तरी हा माणूस चुकलो म्हणेल, म्हणून मी वाट बघत राहिलो.

सरांनी मान लांबवून खाली बघितलं. मग म्हणाले, "रस्ता बरोबर आहे. पाण्याखाली आहे."

*

या भागात ट्रकांच्या आधी टँकर येतो. धूळ उडू नये म्हणून रस्त्यावर पाणी मारत जातो. त्यामुळे बातमी खरी की खोटी, हे पेपरात बघायचं नसतं. टँकर दिसला का, एवढंच विचारायचं.

आम्हाला तो चढावर दिसला. आधी आवाज आला, मग तो आलाच. बाजूला व्हायला जागा होती, पण मी टँकरकडेच बघत राहिलो. आम्ही सगळे डोक्यापासून भिजलो, लाल चिखलाचे झालो. एक परदेशी पाहुणा हसत फोटो काढत होता. त्याला वाटलं हे पॅकेजमध्येच आहे.

मी धावत जाऊन ड्रायव्हरची खिडकी गाठली आणि विचारलं, ट्रक कधी? त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"म्हाका पाणी मारूंक सांगलां, हांव मारतां," तो म्हणाला. "तूं वचून आंग धू."

*

यंदा पाऊस सरल्यावर ट्रक सुटायचा दिवस ठरला.

आदल्या संध्याकाळी रस्त्याच्या तोंडाशी, गावाच्या राखणदार देवाच्या पाषाणापाशी सगळे टिपर धुऊन, हार घालून रांगेत लावले. आमच्याकडे नवं काही सुरू करायचं तर आधी राखणदाराला गाऱ्हाणं घालतात आणि शेवटी नारळ फोडतात. एकानं देवाशी बोलायचं, बाकीच्यांनी मागून हो म्हणायचं. एकदा हो म्हटलं की ते देवापुढे दिलेलं वचन. मग कोणाचा बापही ते मोडत नाही.

गाऱ्हाणं घालायला बोलावलं कोणाला, तर सरांना. रविवारी माझ्यापुढे शिट्टी वाजवणारा माणूस ट्रकवाल्यांचा नारळ हातात घेऊन उभा. मी सायकल धरून बाजूला होतो. सर माझ्याकडे बघेनात. तिथे उभं राहणं म्हणजे आपल्याच तेराव्याला हजर राहण्यासारखं होतं, पण पाय निघेना.

"बा देवा राखणदारा, म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा."

"आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे येऊन उभी रवली हत, म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा."

"इतकी वर्सां उभे रवलेले ट्रक रस्त्याक लागांदेत. कोणाच्या टायराक, कोणाच्या इंजिनाक काय एक होव नको, म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!" हे इतक्या जोरात आलं की झाडावरचे पक्षी उठले. गुरुदासकाकांचा आवाज सगळ्यांत वर.

मी हँडल वळवलं. पण नारळ फुटल्याचा आवाज येईना. सर अजून तो वर धरूनच होते.

"आणि आयतवारच्या दिवशी ह्यो रस्तो ह्या पोराच्या सायकलींक मोकळो रवांदे, म्हाराजा..."

रविवारचं ऐकून मागून व्हय आलं नाही. गुरुदासकाका दुसऱ्या ट्रकवाल्यांकडे बघायला लागले. ते आपापल्या चपलांकडे. सरांचा हात वरच.

मग रांगेच्या शेवटच्या टिपरापाशी एक माणूस खाकरला.

"व्हय म्हाराजा," बाबा म्हणाले.