दिवसाची झोप

आता माझ्या घरात एसी आहे, माझ्या पगारातून घेतलेला. लोक विचारतात, तेव्हा कसे काढलेत हो उन्हाळे? काढले.

कामतघरला आमच्या चाळीवर पत्रे होते. मे महिन्यात पंखा नुसती गरम हवा फिरवायचा. म्हणून आम्ही पत्र्यावर गोणपाट टाकून ते सारखं भिजवायचो. चाळीत सगळेच हे करत नव्हते. आम्हाला करावं लागे, कारण बाबा कापडाच्या कारखान्यात लूमवर रात्रपाळीला होते आणि झोपायचे दिवसा.

झोप झाली नाही की रात्री डुलकी लागते. लूममध्ये सूत घेऊन इकडून तिकडे धावणारा धोटा लाकडाचा, टोकाला लोखंड. उडाला की समोर कोण आहे ते बघत नाही. बाबांच्या बाजूच्या कारागिराचा डोळा त्यानेच गेला. घरात कोणी हे बोलत नसे. आई फक्त म्हणायची, "जा, पाणी मार."

मी शिडी चढून तांब्याने पाणी मारायचे. खालून शेजारची काकू ओरडायची, "काय गं, पत्र्याला ताप आलाय का? पट्ट्या ठेवतेस ती?"

आई आतून म्हणायची, "पत्र्याला न्हाय, तुला आलाय. ये, तुझ्या डोक्याला ठेवते."

मी आठवीत असताना एकदा नळाला पाणीच आलं नाही. पिण्यापुरती कळशी उरली. गोणपाट वाळून कडक झालं. बाबांनी कुशी बदलल्या, मग उठले आणि शर्ट खांद्यावर टाकून कारखान्यात गेले. तिथे जमिनीवर पाणी मारलेलं असायचं. माणसांसाठी नाही. हवा कोरडी झाली की सूत तुटतं, म्हणून शेठ टँकर मागवायचा.

आईने मला मागोमाग पाठवलं. "बघून ये, झोप लागली का."

दोन लूमच्या मधल्या जागेत, ओल्या लादीवर, चिंध्या डोक्याखाली घेऊन बाबा गाढ झोपले होते. खटखट एवढी, की मुकादम माझ्या कानाशी येऊन ओरडला, "सोने दे. रात को इसी को चलाना है."

मी चप्पल काढून भिंतीशी बसले. लादी गार होती. भूगोलाचं पुस्तक उघडलं. पुढे बरेच उन्हाळे मी तिथेच अभ्यास केला. आमच्या घरात कॉलेज पूर्ण करणारी मी पहिली. अभ्यासाला शांतता लागते, असं कोणी म्हटलं की मला ती खटखट आठवते.

त्या दिवशी मात्र मध्येच लाईट गेली. सगळे लूम एकदम थांबले, आणि बाबांनी डोळे उघडले.

"लाईट गेली?"

"हो."

"किती वेळ झोपलो?"

"खूप," मी म्हटलं. धड्याची चार पानंही झाली नव्हती.

ते परत आडवे झाले, पण डोळे उघडेच. संध्याकाळी लाईट आली, तसे तिथूनच ड्युटीला उभे राहिले.

सकाळी घरी आले. आईने दारातच त्यांचा चेहरा पाहिला, दोन्ही हात पाहिले. "जेवा," म्हणाली. दुसऱ्या घासाला ते बसल्या जागी झोपले, भाकरी हातात तशीच. आम्ही उठवलं नाही. पत्रा अजून तापायचा होता.