सहावा देश

संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत नकाराधिकार असलेले देश पाच, हे मला चांगलं माहीत होतं. पण ओट्यावर आळीतली माणसं बसलेली, चहा आलेला, सगळे माझ्या तोंडाकडे बघतायत, अशा वेळी आपलाच देश वगळायचा म्हणजे जिवावर आलं. मी आपल्या अधिकारात भारत सहावा घातला.

"अहो, पाचच हायेत," आतून बायकोचा आवाज आला. "आपला नाय त्यात."

आणि लसूण सोलता सोलता तिनं पाचही देश सांगितले, वर हा अधिकार त्यांनाच का मिळाला तेही सांगितलं. ओट्यावरची सगळी तोंडं दाराकडं वळली. माझी गादी गेली ती तेव्हाच.

डिंगोरे गावात आमच्या आळीला जगाच्या बातम्या मी सांगायचो. लढाई कुठं पेटली, जहाजं का अडकली, कांद्याची निर्यात का थांबली. माझं शिक्षण बारावी आणि टीव्ही. मुलगी सासरी गेल्यावर बायकोनं घरी बसून करायच्या बी.ए.ला नाव घालायचं काढलं, विषय राज्यशास्त्र. "या वयात? काही गरज नाही," असं मी स्पष्ट सांगितलं होतं. तिनं ते शांतपणे ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी अर्जाला लावायचा फोटो काढून आली.

आता शेजारी यायचा तो अंगणातूनच विचारत, "भाऊ, वहिनी हायेत का?"

"काय काम व्हतं?"

"ते अमेरिकेनं कर वाढवला म्हणं. त्याचं इचारायचं व्हतं."

"मग मी हाये की."

"तुमी हायेच ओ. वहिनी कुठंयेत?"

याच शेजाऱ्याचा कांदा माझ्यापेक्षा चढ्या भावानं गेला तेव्हाही मी इतका जळलो नव्हतो.

शेवटी तिचं पुस्तक पिशवीत घालून मी शेतावर नेलं. मोटरीला लाइट येईपर्यंत वाचत बसलो. सत्तासंतुलनाचा धडा फार आवडला. एखादा देश डोईजड झाला, की बाकीचे एकत्र येऊन त्याला आवरतात. वा! आमच्या घरात बाकीचे म्हणजे एकटी आई.

आई पडवीत कांदे निवडत होती. मी शेजारी बसलो, दोन कांदे निवडल्यासारखं केलं.

"आई, तुझी सून हल्ली लईच बोलायला लागलीय, नाय?"

"बोलती की. मला समदं वाचून दाखवती."

"ते ठीक हाय. पण आपण दोघं एक राहिलो तर..."

आईनं सडका कांदा बाजूला भिरकावला. "मला नको त्यात ओढू. आमी अलिप्त हाओत. बोलायचं दोघांशी, जायचं कुणाच्याच गटात न्हाई. नीट वाच, पुढच्याच धड्यात हाये."

परीक्षेच्या दिवशी मीच तिला मोटरसायकलवरून जुन्नरला घेऊन गेलो. कॉलेजच्या गेटाबाहेर चिंचेखाली उभा राहिलो. आत गेल्या गेल्या तिला रविवारच्या तासांना येणाऱ्या बायकांनी गराडा घातला. एकीनं दंड धरला, एक पोरगी वही पुढं करून काहीतरी विचारत होती, आणि बायको हातवारे करून समजावत होती. घरी ती अशी हातवारे करून बोलत नाही. किंवा बोलत असेल, मीच मध्ये तोंड घालत असेन. घंटा झाली आणि ती वर्गात गेली. मागं वळून बघेल असं वाटलं होतं. नाही बघितलं. पेपर सोडवायला माझी छाती झाली नसती, तरी त्या बाकावर मीच असायला हवा होतो असं सारखं वाटत राहिलं.

पेपर सुटला. बाहेर आली ती बोटाला शाई लावूनच. मी आणून ठेवलेली भेळ पुढं केली आणि सहजच विचारतोय असं दाखवत विचारलं, "नकाराधिकार आला होता का?"

"आला ना."

"मग किती लिहिलेस?"

"पाच," भेळीचा घास घेत ती म्हणाली. "सहावा आमच्या घरी असतो, पण त्याचं कुणी ऐकत नाय. म्हणून नाय लिहिला."

मी गाडीला किक मारली. ती मागं बसली, पदर खोचला. गावाकडचा रस्ता लागला. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली,

"लई दमले मी. आज ओट्यावर तुमीच बोला. चुकलं तर मी हायेच आत."