पायाळूची वीज

मी पायाळू. म्हणजे जन्मताना डोक्याआधी माझे पाय बाहेर आले. आमच्या कोल्हापूरकडे पायाळू माणसाचे दोन उपयोग. कुणाच्या कमरेत चमक भरली, की त्यानं पाठीला पाय लावायचा, दुखणं पळतं म्हणतात. आणि आभाळात विजा व्हायला लागल्या, की त्यालाच लांब बसवायचं, कारण वीज त्याला हुडकत येते. माहेरी आमच्या पेठेतल्या कितीतरी बायकांच्या कमरांना मी पाय लावला असेल. ढग वाजले की त्याच बायका मला बघून दार लावून घ्यायच्या. गरज सरो, वैद्य मरो!

स्वातंत्र्य मिळून तीन-चार वर्षं झाली असतील तेव्हा माझं लग्न झालं. नवरा कोल्हापुरात हायस्कुलात सायन्स शिकवायचा, घर आणि शेती मात्र कागलच्या वाटेवरच्या गावात. सासूबाईंना आम्ही आत्ती म्हणायचो. आईनं त्यांना पायाळूचं आधीच सांगून टाकलं होतं. त्यांनी मुलगी पसंत केली, पण वळवाच्या दिवसांत पोरीनं जरा सांभाळून राहावं, असं बजावलं. वीज पडणार माझ्यावर, आणि सांभाळायचं मी यांना! मला राग आला होता, पण नव्या सुनेचा राग कोण विचारतो?

पहिल्याच वैशाखात भुईमुगाच्या शेंगा काढायला आम्ही शेतावर होतो. आत्ती, धाकटे दीर, शेजारच्या दोन बायका आणि मी. नवरा शहरात परीक्षेचे पेपर तपासत बसलेला. दुपार कलली आणि बघता बघता आभाळ भरून आलं. सगळे शेताच्या मधोमध असलेल्या आंब्याखाली पळाले. मीही पळाले, तशी आत्तींनी हात आडवा केला.

"पोरी, तू पल्याड बस. आमच्यात नगं."

मी बांधाखालच्या खळग्यात जाऊन बसले. थंडीनं काकडत होते, म्हणून पाय जुळवून, गुडघे पोटाशी घेऊन उकिडवी बसले. पाऊस अंगावर घेत आंब्याखालच्या कोरड्या माणसांकडे बघत होते आणि मनातल्या मनात एकेकाला शिव्या घालत होते.

मग सगळं पांढरं झालं. आवाज आला तो कानानं ऐकला की छातीनं, सांगता येत नाही. डोळे उघडले तर आंब्याची साल शेंड्यापासून बुंध्यापर्यंत सोलून निघाली होती. बुंध्याजवळ बांधलेला बैल मरून पडला होता. दीर आणि बायका कडेला होती, पायांतलं बळच गेल्यासारखी ती मटकन खाली बसली होती. बुंध्याला टेकून उभ्या राहिलेल्या आत्ती चिखलात पडल्या होत्या. मी धावत गेले. श्वास चालत नव्हता.

दीर ओरडले, हात लावू नका, अंगात वीज हाय, लावणाऱ्यालाबी धरंल. बायका उकिरड्याकडं न्यायचं म्हणत होत्या, शेणात पुरलं की वीज उतरते म्हणे. पण उचलायला कुणीच पुढं होईना. माझा इतक्या वर्षांचा राग तेव्हा तोंडातून बाहेर पडला.

"वीज माझीच हाय म्हणता न्हवं? मग मला काय करणार हाय ती?"

शाळेत आम्हा मुलींना प्रथमोपचार शिकवले होते. रंकाळ्याच्या तळ्यात बुडालेल्याला कसं पालथं घालायचं, पाठ कशी दाबायची आणि सोडायची, एवढंच मला येत होतं. तेच करत राहिले. हात भरून आले, रडूही येत होतं, तरी दाबत राहिले. शेवटी आत्ती खोकल्या.

नवऱ्यानं नंतर मला समजावून सांगितलं. वीज उंच दिसेल ते धरते. झाडातून खाली येताना जवळ टेकलेल्या माणसात उडी मारते, आणि जमिनीत शिरली की मोटेचं पाणी थारोळ्यात पडून पसरावं तशी पसरते. बुंध्याशी जोर जास्त, लांब गेली की कमी. एक पाय बुंध्याकडं, दुसरा लांब, असा उभा असेल त्याच्या एका पायातून चढते आणि दुसऱ्यातून उतरते. बैलाचे पुढचे-मागचे पाय लांब लांब, म्हणून तो गेला. जुळवलेल्या पायांना ती फारशी विचारत नाही. आणि अंगात तर क्षणभरही राहत नाही. मग माणूस पायाळू आहे, हे तिला कळतं कसं, असं मी विचारलं. तो हसला. मला हसू आलं नाही.

कारण गावाला हे कोण सांगणार? आंबा पिढ्यान्‌पिढ्या उभा होता, सून आली आणि वीज पडली, गावाचा हिशेब सरळ होता. पोरीला निदान पावसाळाभर माहेरी धाडा, असं लोक आत्तींच्या खाटेशी बसून, मला ऐकू जाईल असं बोलत. आत्तींना एका कानानं ऐकू येईनासं झालं होतं. त्या हो म्हणत नव्हत्या, नाहीही म्हणत नव्हत्या. मी ट्रंक भरून ठेवली होती. माहेरी परत गेलेल्या मुलीला काय ऐकावं लागतं ते मला ठाऊक होतं, आणि मला त्याची फार भीती वाटत होती.

थोड्या दिवसांनी पुन्हा तसंच आभाळ आलं. घरात शेजारणी बसल्या होत्या. पहिला गडगडाट झाला आणि मी कुणी सांगायच्या आत उठून परसात निघाले.

"कुठं चाललीस? हितं बस, माझ्याजवळ," आत्ती म्हणाल्या.

शेजारणी एकमेकींकडे बघत उठल्या आणि भर पावसात आपापल्या घरी गेल्या. मी खाटेवर बसले. आत्तींनी माझा हात धरला. माझ्याबद्दलची भीती त्यांच्या मनातून गेलेली नव्हती. ढग वाजेल तशी त्यांची पकड आणखी घट्ट होत गेली.