यादीतलं नववं घर

आमच्या डोंगरात डांबरी रस्ता संपून राष्ट्रीय उद्यानाची हद्द सुरू होते, तिथं एका खोलीचं कार्यालय आहे. त्या खोलीच्या खिडकीत अल्लालकाका अकरा वर्षं बसले. त्याआधी बावीस वर्षं ते वनरक्षक होते. समुद्राकडच्या कड्यांवरून फिरायचे, मासेमार गरुडांची घरटी मोजायचे. एकदा घसरले, गुडघा कामातून गेला आणि सरकारनं त्यांना खुर्ची दिली. मी शहरापासून तिथवर, आणि पुढं गावांपर्यंत, भाड्याची गाडी चालवतो. त्यामुळे जे घडलं ते बरंचसं माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

खिडकीशी येणारा माणूस कुठलाही असो, त्याचा प्रश्न एकच असायचा: राहायचं कुठं? उद्यानात हॉटेल बांधू देत नाहीत. गावांतल्या नऊ घरांना पाहुणे ठेवायचा परवाना आहे. काकांनी त्या नऊ घरांची छापील यादी पुढं सरकवायची, पण तोंडानं कुठल्याच घराचं नाव घ्यायचं नाही, असा नियम होता. नियम उगाच नव्हता. आधीचा कारकून आल्यागेल्या सगळ्यांना आपल्या मेव्हण्याकडे धाडायचा, आणि त्यावरून दोन गावांत डोकी फुटली होती.

यादीत पहिलं घर शुऐबचं. रस्त्याला लागून, गरम पाण्याचं, फोन चालणारं. तरीही तो खिडकीशी येऊन कुरकुरायचाच.

"काका, परवाची ती जर्मन जोडी माझ्याकडं येता येता कुठं गळाली?"

"त्यांनी त्यांचं निवडलं."

"तुम्ही भुवई हलवली असणार."

"माझी भुवई सरकारी आहे, बाबा. हुकूम आल्याशिवाय हलत नाही."

नववं घर यामनाताईंचं. रस्ता संपला की शेळ्यांच्या वाटेनं अर्धा तास खाली उतरायचं, मग समुद्रावर दोन पांढऱ्या खोल्या. ताई विधवा, चौसष्ट वर्षांच्या. एकच लेक, ती नाडोर शहरात दिलेली. पाहुणे ठेवण्याच्या प्रशिक्षणाला त्या पंधरा दिवस रोज पायी जाऊन आल्या, फ्रेंचमधली दोन वाक्यं पाठ केली, भिंती चुन्यानं रंगवल्या. पण यादीतला त्यांच्या घराचा फोटो कुणीतरी घाईत काढलेला होता: अर्धी भिंत आणि एक बादली. लोक तो बघून हसायचे आणि पान उलटायचे. दोन वर्षांत त्यांच्याकडे चार माणसं राहिली.

दर गुरुवारी आठवड्याच्या बाजारातून परतताना ताई कार्यालयाच्या कट्ट्यावर टेकायच्या. काका लंगडत बाहेर यायचे. ताईंनी कधी काही मागितलं नाही. हेच काकांना जड जायचं. भांडणाऱ्याला उत्तर देता येतं.

एप्रिलमधल्या एका गुरुवारी त्या म्हणाल्या, "अल्लाल, आज पुन्हा चादरी धुतल्या. कुणी झोपलं नव्हतं, तरी धुतल्या. नुसत्या ठेवल्या की कुबट होतात."

 त्या गेल्यावर काका मला म्हणाले, "एवढं ऐकून घ्यायलाच मला इथं बसवलंय का रे?"

त्यानंतर चारच दिवसांनी मी फेज शहरातून आलेलं एक जोडपं खिडकीशी उतरवलं. तौफीक, शाळेतून निवृत्त झालेले भूगोलाचे मास्तर, आणि त्यांची बायको नुझहा. मास्तरांची नजर अधू झालेली. काकांनी यादी पुढं केली. नुझहाबाईंनी ती तशीच परत ढकलली.

"फोटो बघून राहिलो की पस्तावतो आम्ही. तुम्ही इथले. तुम्हीच सांगा."

"मला सांगता येत नाही, बाई."

"इतकी वर्षं इथं काढून माहीत नाही?"

"माहीत आहे. सांगायचं नाही."

मास्तर हसले. "मग पहिल्याच नावावर बोट ठेव, नुझहा. यांना कशाला कोड्यात टाकतेस."

नुझहाबाईंनी शुऐबच्या नावावर बोट ठेवलं, काकांनी वहीत तसं लिहिलंही. ती दोघं गाडीत बसली, मी गाडी सुरू केली. तेवढ्यात काका काठी न घेताच बाहेर आले आणि गाडीच्या काचेवर टकटक केली. "मास्तर, अर्धा तास चालवत असेल तर नवव्या घरात जा. म्हातारीच्या हातची जवाची भाकरी खा. आणि मी सांगितलं, हे विसरून जा."

ती दोघं तीन रात्रींसाठी आली होती, पाच राहिली. त्यांना परत न्यायला गेलो तर मास्तर यामनाताईंच्या हाताला धरून वाट चढत होते, आणि दोघं आपापली गुडघेदुखी एकमेकांना सांगत होती. गाडीत नुझहाबाईंनी इंटरनेटवर टाकायचा मजकूर फोनवर लिहायला घेतला. लिहून झाल्यावर मला वाचून दाखवलं. घराचं, भाकरीचं, खाली वाजणाऱ्या समुद्राचं सगळं सुरेख लिहिलं होतं. शेवटी होतं, 'कार्यालयातल्या अल्लालकाकांचे आभार, त्यांनीच हे घर सुचवलं.' मी मान डोलावली. ती ओळ काढा म्हणायला हवं होतं, पण मला ते सुचलंच नाही.

दहा दिवसांनी शुऐब आणि आणखी तीन घरांचे मालक फोनवरची ती ओळ दाखवायला थेट उद्यानाच्या मोठ्या साहेबांकडे गेले. त्यांचंही चूक म्हणता येत नव्हतं. त्यांनीही पोटाला चिमटा घेऊन न्हाणीघरं बांधली होती. साहेब कार्यालयात आले. मी बाहेर कट्ट्यावर होतो, खिडकी उघडी होती.

"अल्लाल, ही बाई तुमची कोण लागते?"

"कोणी नाही, साहेब."

"मग का सांगितलंत?"

 "तिचं घर चांगलं आहे," काका एवढंच म्हणाले.

"माझी खात्री आहे हो. पण मी तसं वर लिहून पाठवू शकत नाही."

काकांची बदली रोपवाटिकेत झाली. नवव्या घराचा परवाना चौकशी होईपर्यंत थांबवला. ताईंच्या दारावरची परवान्याची पाटी काढून आणायला नव्या रक्षकाला सांगितलं होतं, पण काका म्हणाले, "मी जातो. परका माणूस तिच्या दारात पेचकस-हातोडा घेऊन नको." त्या वाटेवर त्यांचा गुडघा चालत नव्हता. अर्ध्या वाटेत ते बसले, मग कधी सोबत गेलेल्या माझ्या खांद्याला धरून, तर कधी बसूनच सरकत उतरले.

यामनाताईंनी आधी चहा केला. मग स्टूल आणून दिलं आणि स्वतःच धरून उभ्या राहिल्या. काका वर चढून स्क्रू काढू लागले. एक गंजला होता, निघेना.

"थोडं तेल देऊ का?" ताईंनी विचारलं.

"द्या."

त्यांनी वाटीत ऑलिव्हचं तेल आणलं. पाटी निघाली. खालची भिंत तेवढीच जास्त पांढरी होती. काका म्हणाले, "ताई, मी तुमचं भलं करायला गेलो."

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "सांभाळून उतर."

पाटी गेली, पण लिहिलेलं राहिलं. नुझहाबाईंना काकांनी फोन केला. त्या रडल्या, लगेच सगळं पुसून टाकलं. तोवर ते दुसऱ्यांनी उचलून आणखी कुठं कुठं लावलं होतं. मे-जूनमध्ये लोक येऊ लागले. कुणाच्या हातात त्या घराचा फोटो, कुणाच्या तोंडी भाकरी. मी सांगून बघायचो, ते घर बंद आहे. ते म्हणायचे, आम्ही फक्त बघून येतो.

आता आमच्याकडं दारात आलेल्या माणसाला माघारी धाडत नाहीत. तो अल्लाचा पाहुणा. आणि परवाना नसताना पैसे घेतले तर गुन्हा. ताईंनी पैसे घेतले नाहीत, माघारीही कुणाला धाडलं नाही. सहा-सहा, आठ-आठ माणसं. ताई पाणी विहिरीवरून डोक्यावर आणायच्या. काहीजण उशीखाली नोटा ठेवून जायचे. त्या नोटा ताई माझ्याकडं परत पाठवायच्या आणि मला ते लोक पुन्हा कुठं सापडणार. ऑगस्टमध्ये जवाची कोठी रिकामी झाली. काकांनी रोपवाटिकेपाशी जवाची दोन पोती माझ्या गाडीत घातली. ताईंनी एक ठेवलं, दुसरं परत दिलं.

काका दर सोमवारी चौकशीचं विचारायला शहरात जायचे. कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेला आहे, एवढंच कळायचं. एकदा परतताना गाडीत म्हणाले, "बावीस वर्षं मी या डोंगरात हरवलेली माणसं शोधून आणली. एक कागद सापडत नाही."

सप्टेंबरात ताई विहिरीपाशी चक्कर येऊन पडल्या. लेक नाडोरहून आली. तिनं आईला काही विचारलं नाही, गाठोडं बांधलं. शेळ्या शेजाऱ्याला दिल्या. मीच त्यांना नाडोरला सोडलं. तिसऱ्या मजल्यावरचं घर. जिना चढताना ताई दोनदा थांबल्या.

चौकशीचा निकाल नोव्हेंबरात आला. बाईंचा दोष नाही, परवाना पूर्ववत. पत्र यामनाताईंच्या नावे होतं आणि पोचपावतीवर सही हवी होती. पोस्टमन रोपवाटिकेत आला, कारण दुसरं कुठं जावं ते त्याला कळेना. काकांनी तिथूनच फोन लावला.

"ताई, परवाना मिळाला."

"बरं झालं. आता तुला खिडकीत बसवतील?"

"नाही. तिथं दुसरा माणूस आहे."

"हं."

"तुम्ही याल ना?"

 त्या म्हणाल्या, "लेक मला खाली दुकानातसुद्धा एकटीला जाऊ देत नाही, अल्लाल. तू असाच फोन करत जा."

पोस्टमन घाईत होता. काकांनी फोन खिशात ठेवला, त्याच्याकडचं पेन घेतलं आणि पावतीवर 'यामनाकरिता' असं लिहून खाली आपली सही केली. पत्र घडी करून आतल्या खिशात घातलं. मग रोपांना पाणी घालायची वेळ झाली म्हणून ते उठले.